पुरानंतर पोरगा झोपेत ओलं करायला लागलाय, काय करू?

पंचवटीची_आई:
आमचं घर नाशिकला गंगेच्या (म्हणजे गोदावरीच्या) जवळच, तळमजला. तीन आठवड्यांपूर्वी गंगापूर धरणातनं पाणी सोडलं, दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मूर्ती, पूर किती आला ते तिच्यावरनं कळतं) बुडत चाललाय असं ऐकू येईपर्यंत आमच्या घरात गुडघाभर पाणी, पोराला खांद्यावर घेऊन बाहेर पडलो. सहा वर्षांचा आहे. तेव्हापासून अंथरूण ओलं करतो (तीन वर्षांचा असल्यापासून बंद होतं), मी बाथरूमला गेले तरी दाराशी उभा, अन् रोज रात्री दप्तर माळ्यावर ठेवायला लावतो, भिजेल म्हणून. सासूबाई म्हणतात लाडावलाय, दोन रट्टे द्या. शिवाय शेजारच्या काकूंनी लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातनं होणाऱ्या तापाची) गोळी दिलीय, अर्धी करून दे म्हणाल्या, देऊ का?

सिस्टर_सिडको:
गोळी आधी बाजूला ठेवा!! ती बहुतेक डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) असणार, आठ वर्षांखालच्या मुलांना ती सहसा टाळतात, दातांवर डाग पडू शकतात. मोठ्यांची गोळी अर्धी केली की लहानांची होते हा आपल्याकडचा जुनाच घोळ आहे, पोरांचं औषध वजनावर ठरतं. पुराच्या पाण्यातनं गेलाय म्हणून ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही दिसलं तर त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरकडे, आणि पाण्यातनं चाललोय हे सांगा, ते विचारतीलच असं नाही. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, ग्लासात अर्धं वगैरे नाही, आणि झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. डोस डॉक्टर सांगतील.

मूळचा_औसेकर:
रट्टे नका देऊ ताई. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा, ३० सप्टेंबरची पहाट, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. आमचं घर उभं राहिलं तरी मी कितीतरी महिने घरात झोपलो नाही अन् अंथरूण मीही ओलं करायचो. वडील चारचौघांत सांगायचे, ते भूकंपापेक्षा जास्त लक्षात आहे. मेणकापड घाला, सकाळी गुपचूप चादर बदला, विषय संपला. दप्तर माळ्यावर ठेवू द्या की, त्याचं काय बिघडतंय, आणि पुराचे व्हिडिओ त्याच्यासमोर अजिबात नकोत.

सिस्टर_सिडको:
+१. अजून एक, सारखं "सांग ना काय वाटतं" असं खोदून विचारू नका. बोलला तर ऐका, चित्र काढलं तर काढू द्या. शाळा, जेवण, झोप जुन्या वेळेवर आणा, त्यानेच निम्मं काम होतं. बरीच पोरं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही हेच चाललं, किंवा खाणं-खेळणं-बोलणंच बंद झालं तर सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा. त्याआधी १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पंचवटीची_आई:
गोळी दिली नव्हती, वाचले. फोन केला, बाईंनी नीट ऐकून घेतलं, तुम्ही स्वतः झोपता का असं मलाच विचारलं, मला रडूच आलं. मेणकापड मेन रोडवरनं आणलंय. आत्ता परत पाऊस सुरू झालाय अन् दप्तर माळ्यावर गेलंय, या वेळी सोबत माझी पर्सपण ठेवलीय त्याने.