सान ब्लासच्या धक्क्यावरची ती

स्पॅनिश शिकतेय. ‘माना’ या मेक्सिकन बँडचं १९९७ मधलं ‘एन एल मुएये दे सान ब्लास’ शब्दकोश घेऊन ऐकलं. तो बोटीने जातो, ती धक्क्यावर थांबते. कपडे रोज तेच, म्हणजे तो परतला तर ओळखायला चुकणार नाही. इथे रडलेच! बाई खरी होती का हो?

– होती. सान ब्लास नायारित राज्यात, पॅसिफिक किनाऱ्यावर. नवरीच्या वेशात धक्क्यावर यायची. २०१२ मध्ये वारली.

– मला गाण्यातले खेकडे छळतात. तिचे कपडे कुरतडतात, तिचं दुःख नि आशाही. (एरवी मालवणी माणसाला कुर्ली दिसली की कालवणच आठवतं.)

– काका, आता खेकड्यांवरही रडू?

– रड. आणि वेड्यांच्या इस्पितळाचं कडवं अजून बाकी आहे.