मदत हवी आहे: पालंगान हे कुर्दी गाव नक्की कुठे येतं? वस्ती किती लिहायची?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी आलेला इराणचा प्रवासलेख तपासतेय. लेखिकेने पालंगान गावाबद्दल लिहिलंय (नाव वाचून आधी पलंगच डोळ्यासमोर आला). फोटो भन्नाट आहेत. डोंगरउतारावर दगडी घरांच्या उतरंडी, खालच्या घराचं धाबं तेच वरच्या घराचं अंगण. एका धाब्यावर तर वरच्यांच्या चपला काढून ठेवलेल्या दिसतात.

अडचण चौकटीची आहे. संपादकांना ठिकाण आणि लोकसंख्या हवी आहे. लेखात एकदा 'कुर्दिस्तान', एकदा 'हवरामान', तर एकदा 'कामयारान शहर' असं आहे. तिन्ही कसं बरोबर असेल? शिवाय तिने पाठवलेल्या फारसी तक्त्यात 1385 दिसतंय. ती वस्ती समजायची का? लेखात तर 'हजारेक' आहे.

— शाईचा डाग

---

1385 छापू नका हो! ते साल आहे. इराणी सौर वर्षात 621 मिळवा, 2006 येतं. त्या साली तिथे जनगणना झाली, मग 2011 आणि 2016 ला. पुढच्या दोन रकान्यांवर 1390 आणि 1395 असेल. आकडे वाचताना टिंब म्हणजे शून्य, इंग्रजी व्हीसारखा तो सात आणि तोच उलटा केला की आठ. यात मी स्वतः आपटलोय. आणि शेजारी 'खानवार' असा रकाना असेल तर ती कुटुंबं, माणसं नव्हेत.

— भटक्या विमुक्त

---

ठिकाणाचं सांगतो. 'शहरेस्तान' वाचून शहर वाटलं असणार. ओस्तान म्हणजे प्रांत, शहरेस्तान म्हणजे साधारण आपला जिल्हा, बख्श हा तालुका समजा आणि देहेस्तान हा गावांचा गट. आपल्या जुन्या दफ्तरातल्या देहझाड्यातला 'देह' म्हणजे गाव, तोच हा. पालंगान कामयारान शहराच्या वायव्येला डोंगरात आहे, शहरात नाही.

कुर्दिस्तान हा इराणचा एक प्रांत, राजधानी सनंदज. पण कुर्दांचा मुलूख म्हणूनही तोच शब्द वापरतात आणि तो तुर्कस्तान, इराक, सीरियातही पसरलाय. म्हणून 'प्रांत' हा शब्द गाळू नका. हवरामान हा डोंगराळ प्रदेश, फारसीत उरामान. तिथल्या सांस्कृतिक भूदृश्याला 2021 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. म्हणजे तिन्ही बरोबर, फक्त 'शहर' खोडा.

जागा असेल तर किल्ल्याचाही उल्लेख करा. अर्दलान या कुर्दी राजघराण्याचं ठाणं सनंदजला जाण्याआधी पालंगानलाही होतं.

— गडकोट

---

वस्तीबाबत माझं मत: हवरामानात गुरं घेऊन ऋतूप्रमाणे वर-खाली जायची रीत आहे. उन्हाळ्यात गेलेल्या पाहुण्याला दिसलेलं गाव आणि जनगणनेतलं गाव सारखं असेलच असं नाही. 'हजारेक' मजकुरात राहू द्या, तो तिचा अंदाज. चौकटीत मात्र जनगणनेचाच आकडा, सालासकट.

— भटक्या विमुक्त

---

धन्यवाद मंडळी, लाज वाचली. 1385 जुळणीला गेलंसुद्धा होतं! चौकट अशी केली: 'पालंगान, जिल्हा कामयारान, कुर्दिस्तान प्रांत, इराण.' लोकसंख्येपुढे 2016 घातलंय आणि आकड्यातले सात-आठ लेखिकेकडून फोनवर मोजून घेतेय.

— शाईचा डाग