शब्दचर्चा : ओठ ‘उलले’, ‘उतले’ आणि ‘ओष्ठदाह’

प्रश्न (डिचोलीहून) : भाच्याने मानकुरादाचं देठ दाताने तोडलं आणि आंबा तसाच चोखला. दुसऱ्या दिवशी ओठ सुजले, कडेला बारीक फोड. आई म्हणाली, “चीक उतलाय.” डॉक्टरांनी ‘कायलायटिस’ लिहिलं. याला मराठीत काय म्हणायचं? ओठ उलणे म्हणजे हेच का?

उत्तर : नाही, आणि हा फरक जपायला हवा. थंडीवाऱ्याने किंवा सारखी जीभ फिरवल्याने ओठ कोरडे पडून भेगाळतात, ते उलणे. चीक किंवा बिब्बा लागून फोड येतात, ते उतणे. दूध उतू जातं तेच हे क्रियापद.

‘कायलायटिस’ ग्रीकमधल्या ओठाच्या शब्दावरून आला. आंत्रपुच्छदाहाच्या (अपेंडिसायटिसच्या) चालीवर ‘ओष्ठदाह’ चपखल आहे. ‘ओष्ठशोथ’ही चालतो, पण शोथ म्हटलं की आधी सूज डोळ्यापुढे येते. सुश्रुताने ‘ओष्ठप्रकोप’ म्हणून आठ प्रकार सांगितले आहेत. मात्र ‘ओष्ठदाह’ नुसती अवस्था सांगतो, कारण सांगत नाही. तुमच्या आईच्या दोन शब्दांत कारणही आलं! डॉक्टरांना तेच सांगा.

गोव्यात आणखी एक घोटाळा होतो. आपल्याकडे कोवळ्या काजूबियांना बिब्बे म्हणतात. घाटावरचा बिब्बा हे वेगळंच फळ. पण आंबा, काजू, बिब्बा तिन्ही एकाच कुळातले, आणि ओल्या काजूच्या सालीतलं तेलही असंच उततं.

दुसरं उत्तर : उपचाराचंही बोलू. चीक लगेच धुवावा, फोड फोडू नयेत, साधं व्हॅसलीन लावावं. सूज जास्त असेल तर डॉक्टर थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड मलम देतात. लिपस्टिक किंवा टूथपेस्टची शंका असेल तर पाठीवर त्या पदार्थांच्या पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात आणि त्वचा कशी उठली ते पाहतात. तोंडाच्या कोपऱ्यांतल्या चिरा मात्र निराळ्या. तिथे लाळ साचते, बुरशी धरते. कवळी सैल असणं, लोह किंवा ब जीवनसत्त्व कमी पडणं हीही कारणं. त्यावर बुरशीचं औषध लागतं, स्टेरॉइड नव्हे.

आणि रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्यावर) उन्हात जन्म काढलेल्यांच्या खालच्या ओठावर खरखरीत, पांढुरका चट्टा राहिला तर त्याला ‘ओठ उलला’ म्हणून सोडू नका. तो कर्करोगाकडे वळू शकतो. तुकडा काढून तपासावा लागतो.

प्रश्नकर्ता : आभार. आजोबांच्या ओठावर असा चट्टा आहे, आम्ही उलला असंच म्हणत होतो. सोमवारी घेऊन जातो.