मदत हवी आहे: वडिलांसाठी घरी पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होणार नसला तरी वेदना-त्रास कमी करणारी काळजी), कराड भागात
आमच्या दादांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय, डॉक्टर म्हणाले आता केमो नको. दुखणं कमी करायला मॉर्फिनच्या १० एमजीच्या गोळ्या दर चार तासांनी चालू आहेत, दिवसा बरं असतं पण पहाटे कळा सुरू होतात, मग उशी पोटाशी आवळून बसून राहतात. अशा वेळी मधे जादा डोस द्यायचा असतो ना, तो किती हे आधीच लिहून घ्यायचं की दर वेळी फोन करायचा? मॉर्फिनने पोट साफ होत नाही, म्हणून सोबत त्याचं औषध द्यायला हवं होतं ते कुणी लिहिलंच नाही, आता तोही त्रास. २०१४ ला मॉर्फिनचे नियम सोपे झाले म्हणतात तरी इथल्या मेडिकलवाल्यांकडे मिळत नाही, पुण्याहून आणतो. पुण्यात वारज्याच्या सिपला पॅलिएटिव्ह केअर सेंटरला सगळं फुकट असतं, घरच्या माणसालाही सोबत ठेवतात, पण दादा घर सोडायला तयारच नाहीत. त्यात आत्या म्हणते मॉर्फिन म्हणजे शेवट, गोळ्या बंद करा, तिला कोण समजावणार!
कराड-सातारा भागात घरी येणारी टीम किंवा नर्स माहीत असेल तर प्लीज सांगा, इनबॉक्स केलं तरी चालेल.