चार-पाच जणांसाठी, सतत एकमेकांशी भिडायला लावणारा बोर्ड गेम सुचवा

सोंगटी_कच्ची:
चार जण नक्की, कधी पाचवाही. वेळ दीड ते दोन तास. कटान हा देवाणघेवाणीचा बोर्ड गेम भरपूर खेळून झालाय. सुरुवातीला देवाणघेवाण रंगते, पण कुणी आठ गुणांवर, म्हणजे विजयाच्या जवळ, पोचला की त्याच्याशी व्यवहार बंद होतात आणि उरलेला वेळ फाशांकडे बघण्यात जातो. जो तो आपापल्या पाटीत मान घालून बसतो, तसले खेळ नकोत. प्रत्येक चालीत दुसऱ्याशी गाठ पडायला हवी, पण मध्येच कुणी बाद होऊन बसता कामा नये.

बोली_बहाद्दर:
डोळे झाकून मॉडर्न आर्ट घ्या. राइनर क्निझियाचा 1992 चा खेळ, 3 ते 5 जणांचा. एकूण 70 पत्ते, पाच चित्रकार, चार फेऱ्या. आपल्या पाळीला हातातलं एक चित्र लिलावाला काढायचं. लिलावाचे प्रकारही पाच आहेत: खुला, एकेकदा बोली, मुठीत पैसे झाकून, ठरीव किंमत आणि जोडचित्र (एकाच चित्रकाराची दोन चित्रं एकदम). एखाद्या चित्रकाराचं पाचवं चित्र पडलं की फेरी संपते; त्या पाचव्याचा लिलाव होत नाही. ज्या चित्रकाराची चित्रं सर्वांत जास्त आली त्याचं प्रत्येक चित्र फेरीअखेर बँक 30 हजारांना घेते, दुसऱ्याचं 20, तिसऱ्याचं 10. बाकी दोघांची चित्रं त्या फेरीत रद्दी.

खरी गंमत अशी, की चित्राचे पैसे विकणाऱ्याच्या खिशात जातात. 30 हजार देणारं चित्र तुम्ही 26 ला घेतलंत, तर तुम्हाला 4 सुटले आणि समोरच्याला 26. पंधराच्या आसपास दोघांना सारखं. मात्र तुम्ही सोडलंत तर तिसरा उचलतो, म्हणून निम्म्याच्या थोडं वर जावंच लागतं. किती वर, यावरच अख्खा डाव. आपलंच चित्र आपण घेतलं तर पैसे बँकेत जातात, हे नवखे हमखास विसरतात.

किमती फेरीगणिक साठतात. पहिल्या फेरीत 30 आणि दुसऱ्या फेरीत 20 मिळवणाऱ्याचं चित्र दुसऱ्या फेरीअखेर 50 हजारांना जातं. तोच तिसऱ्या फेरीत पहिल्या तिघांत आला नाही, तर त्या फेरीत शून्य! त्यामुळे प्रत्येक जण आपल्या चित्रकाराला वर ढकलत असतो आणि दुसऱ्याच्या चित्रकाराला पाडायला बघत असतो.

पत्ते जपून वापरा. चार जणांत प्रत्येकी 9, मग 4, पुन्हा 4, आणि शेवटच्या फेरीला एकही नवा पत्ता नाही. सगळ्यांत मोठ्या किमती त्याच फेरीत असतात आणि हात रिकामा असेल तर विकायला काही उरत नाही.

गल्ली_नंबर_नऊ:
खेळ उत्तमच, पण लिलावात बोलणं असं होत नाही, आकडे होतात. घासाघीस हवी असेल तर चायनाटाउन. तोही 3 ते 5 जणांचा. सहा वर्षं, म्हणजे सहा फेऱ्या. दरवर्षी जागा आणि दुकानांच्या चकत्या वाटल्या जातात, आणि मग जागा, चकत्या, रोकड, काहीही कशाच्याही बदल्यात. मग आपल्या जागांवर चकत्या लावायच्या. पाळी नाही, सगळे एकदम बोलतात. लावलेली चकती उचलता येत नाही, पण दुकानासकट जागा विकता येते.

सौद्याची किंमत उरलेल्या वर्षांवरून काढा. चार चकत्यांच्या दुकानाच्या तीन शेजारी-शेजारी लागल्या असतील तर वर्षाला 40 हजार मिळतात. चौथी लागली की 80. म्हणजे दुसऱ्या वर्षी त्या चौथ्या चकतीचे पाच वर्षांत दोन लाख होतात, सहाव्या वर्षी फक्त 40 हजार. हा हिशेब ज्याला कळत नाही तो दुसऱ्याच वर्षी 50 हजारांत चकती देऊन बसतो. हिशेबी माणसं फार वेळ घेतात, म्हणून सौद्यांना दहा मिनिटांचं घड्याळ लावाच.

सोंगटी_कच्ची:
दोन्ही आवडले. पण आमच्यातला एक जण आकडेमोडीला कंटाळतो. त्याच्यासाठी काही?

पाचवा_ग्रह:
कॉस्मिक एन्काउंटर. प्रत्येकाचे पाच ग्रह आणि 20 यानं. परक्या ग्रहांवर पाच वसाहती झाल्या की जिंकलात. हल्ला कुणावर करायचा हे बहुधा पत्ता ठरवतो, म्हणून डूख धरून एकालाच झोडपलं असं होत नाही. दोन्ही बाजूंनी बाकीच्यांना मदतीला बोलवायचं. हल्लेखोराच्या बाजूने जिंकलात तर तुम्हालाही वसाहत, बचावाच्या बाजूने जिंकलात तर पत्ते किंवा परत आलेली यानं. मग हल्लेखोर आणि बचाव करणारा दोघंही लढतीचा एकेक पत्ता (आकड्याचा किंवा तहाचा) पालथा ठेवून उघडतात. दोघांचा तहाचा पत्ता निघाला तर एका मिनिटात सौदा करायचा, नाही जमला तर दोघांची तीन-तीन यानं जातात. एकाचाच तहाचा निघाला तर तो हरतो, पण जितकी यानं गेली तितके पत्ते समोरच्याच्या हातातून ओढतो. ग्रह गेले तरी कुणी बाद होत नाही. तीनपेक्षा कमी उरले तर फक्त सुरुवातीला प्रत्येकाला वाटलेली खास शक्ती बंद पडते.

पहिल्या डावाला हिरव्या खुणेच्याच शक्ती वाटा. लाल खुणेच्या काही शक्ती मूळ नियमच फिरवतात, आणि नियम पक्के नसताना त्या आल्या की खेळ सारखा अडतो. दोघं-तिघं मिळूनही जिंकू शकतात, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या वसाहतीनंतर वाद होतो.

बोली_बहाद्दर:
याला दुजोरा. फक्त हातचे आठ पत्ते लगेच बदलून मिळत नाहीत. लढतीचे पत्ते संपले आणि पुन्हा गरज पडली तरच नवे. म्हणून कमी आकड्याचे पत्ते हरण्यासारख्या लढतीत घालवा.