उजवा डोळा मिटत नाही, पण 'पाटण' म्हटलं की मिटतो

घाटातला_कंडक्टर
नमस्कार मंडळी. एसटीत कंडक्टर आहे, ड्युटी कराड-कोयनानगर बाजूला. लहानपणापासून उजवा कान फुटलेला. घाण वासाचं पाणी यायचं, ड्रॉप टाकले की थांबायचं, पावसाळ्यात पुन्हा सुरू. गेल्या वर्षी चक्कर यायला लागली आणि बघता बघता तोंड डावीकडं ओढलं गेलं. सीटी स्कॅनमध्ये कोलेस्टिॲटोमा निघाला. पडद्यामागं कातडी साचत जाते आणि हाड खात सुटते, ते दुखणं. चेहऱ्याच्या नसेवरचं हाडाचं कवचच गेलेलं. ऑपरेशनमध्ये नस तुटलेली नाही, दबलेली दिसली. चेहऱ्याच्या लुळेपणाची तेव्हा ग्रेड ५ होती (१ म्हणजे ठीक, ६ म्हणजे पूर्ण लुळा), आता ४ म्हणतात.

चहा उजव्या कोपऱ्यातून गळतो. भाकरीचा घास गालात अडकतो, बोटानं काढावा लागतो. शिट्टी वाजत नाही, हवाच निसटते. डोळा झोपेतही थोडा उघडा. आणि आता हे नवीनच: ओठ जुळवले की तोच डोळा अर्धा मिटतो. 'मल्हारपेठ', 'पाटण' ओरडायचं म्हणजे पंचाईत. परवा हाफ तिकीटवाल्या एका बाईंनी "डोळा काय मारतोस रे?" म्हणून अख्ख्या गाडीसमोर झापलं. ड्रायव्हर मध्ये पडला म्हणून निभावलं. जेवताना त्याच डोळ्यातून पाणी येतं, ते वेगळंच.

स्टँडवर जो तो विचारतो, "वारं गेलं का?" एका सहकाऱ्याचं तोंड असंच वाकडं झालेलं महिन्यात सरळ झालं. तो म्हणतो, तुझंही होईल.

डोळा असा मिटणं म्हणजे बिघडतंय का? गावात एकजण शॉकचं मशीन लावतात, घ्यावं का? आणि धुळीत डोळा सांभाळू कसा?

तात्या६२
हे अर्दित, म्हणजे वाऱ्यानं तोंड वाकडं होणं. लसूण घालून तेल कोमट करा आणि कानात चार थेंब सोडा. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या करतात.

फिजिओ_सांगली
तात्या, ऑपरेशन झालेल्या कानात तेल अजिबात नको. पाणीसुद्धा जाऊ द्यायचं नाही.

दादा, बिघडत नाहीये. नस परत वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, पण सगळे धागे जुन्या जागी पोचत नाहीत. ओठांकडं जाणारे काही डोळ्याच्या स्नायूत शिरले, म्हणून 'प' म्हटलं की पापणी येते. लाळेच्या ग्रंथीकडचे अश्रूंच्या ग्रंथीकडं गेले, म्हणून जेवताना पाणी. वायरिंग करताना पंख्याचं बटण दिव्याला जोडावं तसं. पहिल्या प्रकाराला सिंकायनेसिस म्हणतात.

शॉक नको. अशा चेहऱ्याला मी तरी लावत नाही, चुकीची हालचाल अजून पक्की व्हायची भीती असते. जोर लावून तोंड वेडंवाकडं करायचं नाही, फुगे फुगवायचे नाहीत. आरशासमोर बसा, ओठ अगदी हळू आणि थोडेच जुळवा, डोळा मिटायला लागला की तिथंच थांबा. फारच त्रास झाला तर डोळ्याभोवती स्नायू ढिला करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन देतात.

सहकाऱ्याचं बहुतेक बेल्स पाल्सी असणार, म्हणजे ठोस कारण न सापडता अचानक चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडं होणं. तिथं पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू केलं तर चांगला फायदा होतो. तुमच्यात कोलेस्टिॲटोमानं हाड खाऊन नस दाबली होती, दोन्हींची तुलना करू नका.

कोरडा_कान
माझंही हेच, डावी बाजू. डोळ्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. दिवसा अश्रूंसारखे थेंब, रात्री मलम, आणि पापणी पूर्ण मिटवून मगच कागदी चिकटपट्टी. पट्टीखाली डोळा उघडा राहिला तर बुबुळ घासतं. लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. माझ्या वरच्या पापणीत सोन्याचं वजन बसवलंय, साधारण एक ग्रॅम. डोळा आपोआप मिटतो. बायको म्हणते, एवढं सोनं तर मला लग्नातही नाही मिळालं. कान मात्र तपासून घेत जा, हे दुखणं आतल्या आत परत येतं.

घाटातला_कंडक्टर
सोन्याचं विचारतो डॉक्टरांना. फिजिओ ताई, 'प'चं आरशात करून बघितलं. हळू म्हटलं तर डोळा जरा कमी येतो, पण गर्दीत हळू बोलून कोण ऐकणार? तूर्त गाडीवर पाटी लावलेली आहेच, लोकांनी ती वाचावी. दोन्ही बाजूंनी बंद असलेला गॉगल आणलाय. एसटीतलं कुणी असेल तर सांगा, तो घालून ड्युटी केली तर तपासणीवाले काही म्हणतात का? डॉक्टरांची चिठ्ठी लागेल का?