आईचा टीएसएच ११.८ आलाय, गोळी वाढवू का?

रानजाई
मदत हवी आहे, लवकर सांगा. काल थायरॉईडच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. फेब्रुवारीत ३.१ होता, आता ११.८. गोळी एकही दिवस चुकलेली नाही. आई दिवसभर पेंगते, मे महिन्यात शाल पांघरून बसते. डॉक्टर आठवडाभर बाहेरगावी. घरी डोस वाढवून दिला तर चालेल ना?

टीपकागद
वय? गोळी कितीची? हृदयाचं काही? हे न लिहिता कोण काय सांगणार? आणि मनाने वाढवू नका. या वयात डोस जास्त झाला तर ठोके बिघडतात, हाडं झिजतात.

रानजाई
वय ६३, गोळी ७५ मायक्रोग्रॅम, नऊ वर्षं झाली. हृदयाचं काही नाही. पण गोळी तीच असताना टीएसएच वाढलाच कसा?

कुंदामावशी
अगं, रात्री धणे भिजत घाल, सकाळी ते पाणी उकळून दे. माझ्या जावेला चार महिन्यांत फरक पडला. आणि मीठ सैंधवच वापर.

सह्यवारा
मावशी, सैंधवाचं नका सांगू. त्यात आयोडीन जवळपास नसतंच, आणि थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकाच्या, एका रेणूला आयोडीनचे चार अणू लागतात. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनअभावी होणारा गलगंड, म्हणजे गळ्याची सूज, घरोघरी होता. १९५६पासून डॉ. रामलिंगस्वामींच्या पथकाने तिथे आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, तेव्हा तो कमी झाला.

कुंदामावशी
आमच्याकडे वर्षानुवर्षं सैंधव आहे, कुणाला गलगंड नाही. अनुभवाचं सांगतेय.

टीपकागद
मिठाचा वाद वेगळा धागा काढून घाला. रानजाई, टीएसएच थायरॉईडमधून येत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी असते, ती सोडते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की ती टीएसएच वाढवून थायरॉईडच्या मागे लागते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. म्हणजे थायरॉक्सिनचीच ही गोळी पोटात जातेय, पण रक्तात पुरेशी उतरत नसावी. फेब्रुवारीनंतर काही नवीन सुरू झालं का? लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध?

मुक्ताई७
वजन वाढलं असेल तर रात्रीचा भात बंद करा. मला पीसीओडी आहे, मला खूप फायदा झाला.

रानजाई
वजनाचं नाही विचारलं हो. टीपकागद, मार्चमध्ये आईचं मनगट मोडलं, तेव्हापासून कॅल्शियम आहे. आत्ता तिलाच विचारलं. रात्रीच वाटीत दोन्ही काढून ठेवते, थायरॉईडची बारीकशी आणि कॅल्शियमची खडूच्या तुकड्यासारखी, आणि सकाळी चहाबरोबर एकदमच घेते! रोज डोळ्यांसमोर होतं, माझ्या लक्षातच आलं नाही.

टीपकागद
मग बहुतेक तेच. कॅल्शियम आतड्यातच थायरॉक्सिनला धरून ठेवतं. दोन्हींत चार तास तरी हवेत. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. डॉक्टरांना फोन करून हे सांगाच. पुढच्या आठवड्यात लगेच रक्त देऊ नका, टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात.

सह्यवारा
मनगट मोडलंय तर ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनताही तपासून घ्या.

रानजाई
डॉक्टर फोनवर भेटले. डोस तोच, कॅल्शियम रात्री जेवणानंतर, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. अडचण एकच, आईला उठल्या उठल्या चहा लागतो. पहाटे पाचला ती जागी होतेच, तेव्हा गोळी दिली तर?

टीपकागद
उत्तम. उशाशी तांब्या ठेवा. कॅल्शियमची बाटली मात्र त्या खोलीत नको.